मेंढ्या बसवणे

मेंढ्या बसवणे : पीक निघाल्यावर मोकळ्या रानात मेंढरांचा कळप रात्रभर बसवून लेंड्या व मूत्र यांचे खत थेट जमिनीला देण्याची पद्धत. महाराष्ट्रात हा व्यवहार मुख्यतः धनगर मेंढपाळ आणि कोरडवाहू किंवा भातशेती करणारे शेतकरी यांच्यात चालतो.

पद्धतीच्या प्राचीनतेविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या उत्तर काळात, म्हणजे इ. स. पू. सुमारे १००० ते ७०० या दरम्यान, चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आढळतात. पाऊसमान घटल्याने लोक शेतीकडून शेळ्या-मेंढ्यांच्या भटक्या पालनाकडे वळले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लावला. या अर्थाबद्दल एकमत नाही. शिवाय शेळी व मेंढी यांची हाडे तुकड्यांवरून वेगळी ओळखणे अवघड असते. पशुपालनाचा पुरावा म्हणजे खतावण्याचा पुरावा नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरी दैवतांच्या अभ्यासातून पशुपालक व शेतकरी यांच्या परस्परावलंबनाकडे लक्ष वेधले. खंडोबाची बाणाई धनगराची, तर म्हाळसा वाण्याची. या कथेत त्या संबंधाचे प्रतिबिंब पाहणे सयुक्तिक वाटते, मात्र त्यावरून काळ ठरवता येत नाही.

दिवाळीनंतर माण, खटाव, फलटण, पारनेर अशा अवर्षणप्रवण भागांतले अनेक वाडे (कळपांसह फिरणारे मेंढपाळ कुटुंबांचे गट) घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कारण पावसाळ्यात तिथल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. संध्याकाळी वाघर (जाळे) लावून कळप कोंडतात. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते आणि शेत तुकड्यातुकड्याने खतावले जाते. मोबदला मेंढरांच्या संख्येवर व रात्रींवर ठरतो. पूर्वी तो बहुधा धान्यात मिळे, आता रोखीतही मिळतो.

शेळ्या-मेंढ्यांच्या खतात सरासरी ३ टक्के नत्र (नायट्रोजन), १ टक्का स्फुरद (फॉस्फरस) व २ टक्के पालाश (पोटॅश) धरतात. शेणखतात नत्र साधारण ०.५ टक्का असते. उकिरड्यात वाया जाणारे मूत्र येथे मातीत मुरते, परंतु त्यातील काही नत्र अमोनियारूपाने उडून जाते. म्हणून कळप उठल्यावर लवकर कुळवाची उथळ पाळी देणे (वरची माती हलवणे) इष्ट. ज्याच्या दावणीला जनावर नाही आणि खत वाहून आणायला गाडीही नाही, अशा शेतकऱ्याला याचा विशेष उपयोग होतो.

दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड लोकरीला घोंगड्यांखेरीज फारसा उठाव नाही. त्यामुळे मेंढपाळाची मुख्य मिळकत कोकरांच्या विक्रीची, आणि बसवणुकीचे पैसे वाटखर्चाचे. बागायत वाढली तशी पडीक राने कमी झाली. काही ठिकाणी चराईसाठी मेंढपाळालाच पैसे मोजावे लागतात. राज्याच्या महामेष या मेंढीपालन योजनेत (२०१७) स्थलांतरित मेंढपाळांनाही २० मेंढ्या व १ नर अशा गटासाठी ७५ टक्के अनुदान आहे. तिचा भर कळप उभारण्यावर आहे. तो बसवायला रान मिळेल का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.