जीवसमुदायांचे स्थैर्य

एका ठिकाणी राहणाऱ्या व एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्या समूहाला जीवसमुदाय म्हणतात. मासेमारी, चराई, वृक्षतोड, खते, सांडपाणी असा मानवी ताण पडत असतानाही समुदायाची घडण आणि त्याचे कामकाज टिकून राहणे म्हणजे त्याचे स्थैर्य. त्याला तीन अंगे आहेत : ताण आला तरी फारसे न बदलणे, बदलल्यास लवकर सावरणे, आणि मोठ्या धक्क्यानंतरही वेगळ्याच अवस्थेत न घसरणे. या तिसऱ्या अंगाकडे परिस्थितिकीतज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये लक्ष वेधले. तिन्ही गुण एकाच समुदायात असतात असे नाही. जुने जंगल कोरडी वर्षे सहज काढते, पण तोडले तर पुन्हा तसे व्हायला शतके लागतात. गवताळ रान वणव्यात जळून जाते आणि पावसाळ्यात पुन्हा उभे राहते.

जाती जितक्या जास्त तितका समुदाय स्थिर, असे पूर्वी सरसकट मानले जाई. रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये गणिताने दाखवले की, जातींमधील संबंध यदृच्छेने जोडले तर जाती आणि दुवे वाढतील तसा समुदाय उलट अस्थिर होतो. निसर्गातले समुदाय मात्र असे कसेही जोडलेले नसतात. त्यांतील बहुतेक दुवे दुबळे असतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे डेव्हिड टिलमन व सहकाऱ्यांनी गवताळ वाफ्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले. १९८८ च्या दुष्काळात जातींनी समृद्ध वाफ्यांचे उत्पादन साधारण निम्म्यावर आले. नत्रखतामुळे मोजक्याच जाती उरलेल्या वाफ्यांचे आठव्या ते बाराव्या हिश्शापर्यंत घसरले. खताचाच हा परिणाम असावा, असा आक्षेप घेतला गेला. पुढे १ ते १६ जाती मोजून पेरलेल्या वाफ्यांतही एकूण उत्पादनाचे स्थैर्य जातींच्या संख्येबरोबर वाढलेले आढळले. एकेका जातीचे चढउतार मात्र जास्त जातींच्या वाफ्यांत अधिक होते. एक जात खचली की दुसरी फोफावते, म्हणून बेरीज टिकते. यासाठी एकच काम करणाऱ्या अनेक जाती हव्यात आणि संकटाला त्यांचा प्रतिसाद वेगवेगळा हवा.

मानवी ताण नेमका हाच पर्यायी जातींचा राखीव साठा संपवतो, आणि तो संपताना वरून काहीही दिसत नाही. जमैकाच्या प्रवाळखडकांचे उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. तेथे अनेक दशकांच्या अतिमासेमारीने शैवाल खाणारे मोठे मासे जवळपास नाहीसे झाले होते. तरीही खडक स्वच्छ राहत, कारण डायाडेमा हा समुद्र अर्चिन (लांब काट्यांचा, गोल कवचाचा समुद्रप्राणी) शैवाल खरवडून खात असे. १९८० मधील ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले, पण नवे प्रवाळ रुजू लागले होते. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात रोगाची साथ आली आणि बहुतेक डायाडेमा मेले. आता शैवाल खाणारे फारसे कोणी उरले नव्हते. १९७७ मध्ये सुमारे ५२ टक्के असलेले प्रवाळाचे आच्छादन १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आले. शैवालाचे ४ वरून ९२ टक्के झाले. केवळ प्रवाळ मोजणाऱ्याला १९७७ मध्ये काळजीचे कारण दिसले नसते. शैवाल खाणारे किती प्रकारचे प्राणी उरले आहेत, हे मोजायला हवे होते.

घसरलेला समुदाय ताण कमी करताच परत येतो, ही समजूत उथळ तलावांनी खोटी ठरवली आहे. फॉस्फरस वाढला की सूक्ष्म शैवालाने पाणी गढूळ होते, उजेडाअभावी तळाच्या पाणवनस्पती मरतात, मोकळा गाळ वाऱ्याने आणि तळ उकरणाऱ्या माशांमुळे ढवळतो आणि गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. अशा रीतीने गढूळपणाच गढूळपणा टिकवतो. नेदरलँड्समधील वेल्युवे तलावाच्या वनस्पती १९६० च्या दशकाच्या अखेरीस खालावू लागल्या. फॉस्फरस घटवूनही त्या परतायला १९९० चे दशक उजाडले. त्या टिकेनाशा झाल्या तेव्हाच्या पातळीपेक्षा फॉस्फरस बराच खाली आणावा लागला.

म्हणून तलाव सुधारताना कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी येणारा फॉस्फरस रोखणे, मग गाळ उकरणारे व प्राणिप्लवक (सूक्ष्म शैवाल खाणारे पाण्यातले बारीक प्राणी) खाणारे मासे काढणे, त्यानंतर पाणवनस्पतींना जम बसेपर्यंत त्यांचे संरक्षण. मासे एक-दोन वर्षांत किमान तीन-चतुर्थांश काढावे लागतात. थोडेच काढले तर उरलेल्यांच्या पिलांना भरपूर खाद्य मिळते आणि संख्या लगेच भरून निघते. फॉस्फरस येतच राहिला तर स्वच्छ झालेले पाणी काही वर्षांत पुन्हा गढुळते.

स्थैर्य मोजण्यासाठी ठरावीक जागी, त्याच हंगामात आणि त्याच पद्धतीने अनेक वर्षे नोंदी घ्याव्या लागतात. प्रमाण विचलनाला (नोंदी सरासरीपासून किती विखुरल्या आहेत याच्या मापाला) सरासरीने भागले की चढउताराचे माप मिळते. जातींच्या यादीबरोबर प्रत्येक जातीचे काम नोंदवावे. लहान धक्क्यानंतर सावरायला लागणारा वेळ वाढत चालला, तर समुदाय वेगळ्या अवस्थेत घसरण्याचा उंबरठा जवळ आल्याची ती खूण असू शकते. अमेरिकेतील पीटर तलावात २००८ पासून शिकारी बास मासे टप्प्याटप्प्याने सोडून अन्नजाळे मुद्दाम बदलले, तेव्हा नव्या अवस्थेतले संक्रमण पूर्ण होण्याच्या वर्षभराहून आधी असे संकेत मिळाले. त्यासाठी रोजची मोजमापे लागली. वर्षातून एकदा गणना करून ते हाती लागत नाहीत. साथीचा रोग किंवा वादळ असा अचानक धक्का आला तर मुळीच मिळत नाहीत.

पूर्ण मासेमारीबंदीचे परिणामही सावकाश दिसतात. न्यूझीलंडमधील ली येथे १९७५ मध्ये सागरी राखीव क्षेत्र झाले. स्नॅपर मासे आणि शेवंडे वाढले, त्यांनी केल्प फस्त करणारे अर्चिन खाल्ले आणि उघड्या पडलेल्या खडकांवर केल्प या मोठ्या सागरी शैवालाची वने परतली. या साखळीला दशके लागली. राखीव क्षेत्राच्या पहिल्या पाच वर्षांच्या पाहणीवरून बंदी निरुपयोगी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.