ऑटोमॅटिक गाडी ड्रॅग स्ट्रिपवर न्यायची? आधी वायरिंग दाखवा

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, तपासनीसाने माझ्या गाडीच्या मागचा लाल खटका आत दाबला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते मजेत घुरघुरत राहिलं. टेक कार्डावर, म्हणजे तपासणीच्या कार्डावर, सही न करता त्याने ते माझ्या हातात परत दिलं आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली. फी भरून झाली होती, सुट्टी टाकून झाली होती. दिवसभर कठड्याला टेकून मी दुसऱ्यांच्या धावा बघितल्या. चूक माझीच होती, तीही एका तारेची. ती तार कुठली ते पुढे येईलच.

ही माहिती अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, म्हणजे एनएचआरएच्या नियमांची आहे. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात ही संस्था काढली, आणि तिथल्या बऱ्याच ड्रॅग स्ट्रिप आजही तिचंच नियमपुस्तक प्रमाण मानतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आजूबाजूच्या आपल्या मंडळींना पूर्वी इंग्लिशटाउनचा रेसवे पार्क जवळ होता. तिथलं ड्रॅग रेसिंग २०१८ मध्ये थांबलं, त्यामुळे आता बरेच जण पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हच्या ट्रॅकपर्यंत जातात. इतकं लांब जाऊन तपासणीतच अडकायचं नसेल, तर तयारी घरच्या गॅरेजमध्ये करावी.

कोणाला काय लागतं

पात्रता मुख्यतः धावेला लागलेल्या वेळेवरून ठरते. क्वार्टर मैल, म्हणजे १,३२० फूट, गाडी किती सेकंदांत कापते यावर. १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ असेल तर हेल्मेट हवंच. ११.४९ पासून रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी पोलादी नळी. ९.९९ च्या आत गेलात की खेळच बदलतो: रोल केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पूर्ण पिंजरा), चासी सर्टिफिकेशन (गाडीच्या सांगाड्याचं प्रमाणपत्र) आणि चालकाकडे एनएचआरएचं स्पर्धा लायसन्स. ताशी १३५ मैल ओलांडणाऱ्यालाही लायसन्स चुकत नाही. अलीकडच्या, बदल न केलेल्या कारखानी गाड्यांना यात काही सवलत आहे, आणि ती मॉडेलच्या वर्षावर ठरते. तुमच्या गाडीला ती लागू आहे का, हे चालू वर्षाच्या पुस्तकात बघा. मित्राकडची जुनी प्रत यासाठी उपयोगाची नाही.

हे नियम कंपनीलाही चुकत नाहीत. डॉजने २०१८ ची डीमन काढली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कारखान्यातूनच ट्रान्सब्रेक बसवलेली. ९.६५ सेकंद आणि ताशी १४० मैल. एनएचआरएने पत्र पाठवून कळवलं की केज नसलेली ही गाडी आमच्या स्पर्धांत चालणार नाही. डॉजने त्या पत्राचीच जाहिरात केली, हा भाग वेगळा.

वर्ग आधी, वायरिंग नंतर

बहुतेक नवखे इथे उलटं करतात. आधी बाजारातून पेट्या आणून बसवतात, मग कुठल्या वर्गात उतरायचं ते विचारतात.

ट्रान्सब्रेक म्हणजे काय, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीवर बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. बटण दाबून धरलं की पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लागतात. गाडी जागच्या जागी जखडली जाते आणि इंजिनाचे आरपीएम चढवता येतात. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी झेपावते. डिले बॉक्स हा त्या बटणाच्या आणि सोलेनॉइडच्या मध्ये बसतो. फुल ट्रीवर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या दिव्यांच्या खांबावर, पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरतात. बॉक्सवाला चालक वरचा पहिला पिवळा दिसताच बटण सोडतो, आणि बॉक्स मोजून तेवढा वेळ थांबून मग सोलेनॉइड सोडतो. शेवटच्या दिव्याची वाट बघून अंदाज बांधण्यापेक्षा पहिल्या दिव्याला प्रतिसाद देणं माणसाला सोपं जातं, इतकीच यातली गोम.

म्हणूनच हा बॉक्स सगळीकडे चालत नाही. सुपर कॉम्प आणि सुपर गॅस या वर्गांत तो चालतो. ब्रॅकेट रेसिंगच्या, म्हणजे आपली वेळ आधी सांगून धावायच्या शर्यतीच्या, सुपर प्रो वर्गातही चालतो, प्रोमध्ये नाही. स्टॉक आणि सुपर स्टॉकमध्ये डिले बॉक्सला बंदी आहे. त्यातही सुपर स्टॉकला ट्रान्सब्रेक चालतो, स्टॉकला तोही नाही. स्थानिक ट्रॅकचे स्वतःचे वर्ग असतात, त्यांचं पत्रक आधी मागवून घ्या.

जिथे बॉक्सला बंदी आहे, तिथे तपासनीसाला एकच शंका असते: बटणापासून सोलेनॉइडपर्यंतच्या वाटेवर कुठे काही दडवलंय का? त्यामुळे माझा सल्ला साधा आहे. ही तार स्वतंत्र ठेवा, एका रंगाची, डोळ्यांना सलग दिसेल अशी. बाकीच्या हार्नेसच्या जुडग्यात कोंबून वरून काळी टेप गुंडाळू नका. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. दोन-स्टेप (सुटताना आरपीएम रोखणारी पेटी), लाइन लॉक (पुढचे ब्रेक धरून ठेवणारा), डेटा लॉगर (धावेची नोंद करणारा) यांच्या तारांनाही तेच. जुन्या प्रयोगाच्या कापून लोंबत ठेवलेल्या तारा काढून टाका. त्या निरुपद्रवी असल्या, तरी तपासनीसाला तुम्ही ते कसं पटवणार?

पुस्तक काय म्हणतं

खटके आणि बटणं साध्या यांत्रिक जोडणीची हवीत. इन्फ्रारेड, लेझर, प्रकाशावर किंवा डोक्याच्या हालचालीवर चालणारी चालत नाहीत. डेटा लॉगरला नोंद करायची मुभा आहे, पण त्याने गाडीतलं काहीही चालवता कामा नये. तो वेगळ्या खटक्याने सुरू व्हायला हवा, थ्रॉटलने किंवा चाकाच्या वेगाने नाही. प्रतिस्पर्धी कुठवर आलाय हे चालकाला सांगणारं कुठलंही उपकरण बाद.

ऑटोमॅटिकसाठी न्यूट्रल सेफ्टी स्विच चालू स्थितीत हवा: गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरताच कामा नये. हा स्विच तुटला म्हणून तारा पिळून थेट जोडून टाकणारे महाभाग पुष्कळ आहेत. तपासनीस शिफ्टर ड्राइव्हमध्ये टाकून चावी फिरवायला सांगतो आणि तिथे ते सापडतात. जमिनीवर बसवलेल्या शिफ्टरला रिव्हर्स लॉकआउटही हवा, चुकून हात पुढे-मागे झाला तर रिव्हर्स पडू नये म्हणून. वेगवान गाड्यांना गिअरबॉक्सभोवती एसएफआय या सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ४.१ प्रतीचं कवच लागतं. त्याच्या चिठ्ठीवरची तारीख वाचली जाते.

बॅटरी चालकाच्या किंवा प्रवाशाच्या भागात नको. डिकीत हलवली असेल तर ती चासीला किमान दोन, ३/८ इंची बोल्टांनी बांधलेली हवी, आणि मधे धातूची फायरवॉल (आग अडवणारी आड भिंत) किंवा बाहेर हवा सोडणारी बंद पेटी हवी.

बॅटरी हलवली की मास्टर कटऑफ, म्हणजे सगळी वीज तोडणारा खटका, आलाच. तो एकच असतो, गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, बाहेरून हाताला येईल असा. पॉझिटिव्ह बाजूवर जोडलेला. त्यावर ‘ऑफ’ स्पष्ट लिहिलेलं असावं. ओढ-ढकल प्रकारचा असेल तर ढकलल्यावर बंद व्हायला हवा, कारण अपघातानंतर धावत आलेला माणूस ढकलणारच. प्लास्टिकचा किंवा चावीचा खटका चालत नाही. आणि खटका दाबल्यावर सगळंच बंद पडलं पाहिजे, चालू इंजिनासकट.

माझी गाडी इथेच अडली. खटक्याने बॅटरी तुटत होती, पण अल्टरनेटरची चार्जिंगची तार मी नेहमीसारखी गाडीच्या बाजूला जोडली होती. इंजिन एकदा फिरायला लागलं की अल्टरनेटर स्वतःच इग्निशनला वीज पुरवतो, बॅटरी असो वा नसो. उपाय असा, की ती तार खटक्याच्या बॅटरीकडच्या टोकाला न्यायची. खटका उघडला की बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही एका बाजूला राहतात, गाडी दुसऱ्या बाजूला कोरडी. फक्त लक्षात ठेवा, ही लांब तार आता कायम जिवंत असते. बॅटरीच्या टोकाला जाड फ्यूज घाला आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा. घरी इंजिन चालू करून बायकोला किंवा शेजाऱ्याला खटका दाबायला सांगा. दोन सेकंदांची परीक्षा आहे, आणि मी ती केली नव्हती.

कागदपत्रं

साध्या ‘टेस्ट अँड ट्यून’च्या रात्री चालकाचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स आणि गेटवर मिळणारं टेक कार्ड एवढं सहसा पुरतं. कार्डावर नाव-पत्ता, गाडीचं वर्ष आणि मेक, इंजिन असा तपशील भरायचा, खाली सही करायची. रांगेत उभं राहून मांडीवर भरू नका, अक्षर तपासनीसाला वाचता यायला हवं.

स्पर्धा लायसन्सला मात्र वेळ द्या. अर्जासोबत एनएचआरएच्या छापील नमुन्यावर डॉक्टरांनी केलेली तपासणी लागते. मग डोळे बांधून गाडीतला प्रत्येक खटका हाताने शोधून दाखवायचा. वायरिंग करताना बटणं जिथे जागा मिळेल तिथे चिकटवली असतील, तर त्याचा पश्चात्ताप इथे होतो. त्यानंतर आधीच लायसन्स असलेल्या चालकांच्या नजरेखाली टप्प्याटप्प्याने धावा आणि त्यांच्या सह्या. चासी सर्टिफिकेशन वेगळं: ९.९९ ते ७.५० सेकंदांच्या गाड्यांना दर ३ वर्षांनी, ७.४९ च्या आतल्यांना दर वर्षी. त्याचा स्टिकर गाडीच्या पाइपवरच लागतो. कायमचा स्पर्धा क्रमांक हवा असेल तर तो विभागीय कार्यालयाकडून मिळतो. एकूण ७ विभाग आहेत.

वायरिंगची आकृती कोणी मागत नाही, तरी मी आता एक न्यायला लागलोय. वहीच्या पानावर काढलेली: बॅटरी, खटका, बटण, सोलेनॉइड, तारांचे रंग. दुसऱ्या खेपेला तपासनीसाने ती अर्धा मिनिट बघितली, मग वाकून खरी तार बोटाने चाचपत सोलेनॉइडपर्यंत नेली. मग मागे जाऊन खटका दाबला. या वेळी इंजिन गप्प झालं. सही झाल्यावर तो एवढंच म्हणाला की आज जिंकत गेलास तर गाडी पुन्हा तपासायला बोलावू, तोवर डॅशबोर्डखाली हात घालू नकोस.