लुमेन आणि कँडेला: टॉर्चचा उजेड वेगळा, झोत वेगळा

माझ्याकडे बोटाएवढ्या दोन एलईडी टॉर्च आहेत, एकीवर ३०० लुमेन लिहिलंय, दुसरीवर १५०, आणि रात्री लांबचं काही बघायचं असलं की मी दर वेळी १५०वालीच उचलतो. घरात हे कुणाला पटत नाही, "अर्धाच तर उजेड आहे तिचा" म्हणतात. बरोबरच आहे की, उजेड अर्धाच आहे. पण झोत दुप्पट लांब जातो.

गोंधळ होतो कारण "ब्राइट" हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. लुमेन म्हणजे टॉर्चच्या तोंडातून बाहेर पडणारा सगळा उजेड, इकडचा तिकडचा सगळा धरून. तो जाऊन पडतो कुठे याच्याशी लुमेनला काही देणंघेणं नाही. कँडेला मात्र फक्त हेच सांगतं की एका दिशेला तो उजेड किती दाट जातोय, आणि टॉर्चवर कँडेला लिहिलेलं असेल तर ते झोताच्या सगळ्यात प्रखर भागाचं असतं. साधी मेणबत्ती म्हणजे साधारण १ कँडेला (नावसुद्धा कँडलवरूनच), आणि चारी बाजूंना पसरणारा तिचा एकूण उजेड होतो साडेबारा लुमेनच्या आसपास. आता हेच साडेबारा लुमेन काहीही वाया न घालवता १० अंशांच्या अरुंद झोतात कोंबता आले तर तिथे ५०० कँडेलाच्या वर जातात, म्हणजे उजेड एका थेंबानेही वाढला नाही आणि तरी समोर उभ्या माणसाचे डोळे दिपणार.

हे कोंबायचं काम करतो रिफ्लेक्टर किंवा लेन्स. रिफ्लेक्टर मोठा, खोल, आरशासारखा गुळगुळीत आणि एलईडीचा तो पिवळा ठिपका लहान असला की मधला गोळा, म्हणजे हॉटस्पॉट, छोटा आणि कडक पडतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर असला की गोळ्याची कडा मऊ होते, झोत थोडा कमी लांब जातो, पण जवळचं बघताना डोळ्याला बरं वाटतं. छोट्या टॉर्चमध्ये रिफ्लेक्टरला जागाच नसते, म्हणून खिशातल्या बहुतेक टॉर्च लुमेनमध्ये दणदणीत आणि झोतात लुळ्या असतात.

झोत किती लांब जातो हे काढायचं गणित सोपंय. २००९ साली अमेरिकेत एफएल १ नावाचं टॉर्चचं स्टँडर्ड आलं, त्यात बीम डिस्टन्स म्हणजे जिथे पोचेपर्यंत उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येतो ते अंतर (लक्स म्हणजे समोरच्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतोय त्याचं माप). कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, झाले मीटर. माझी ३००वाली आहे ९०० कँडेलाची, म्हणून ६० मीटर. १५०वाली ३६०० कँडेलाची, म्हणून १२० मीटर. बघा, अंतर दुप्पट व्हायला कँडेला चौपट लागले. आणि खोक्यावरच्या त्या मीटरवर फार जाऊ नका, चांदण्याएवढ्या उजेडात तिकडे कुणीतरी उभंय एवढंच कळतं, कोण आहे ते नाही. मी तर सरळ निम्मंच धरतो, निम्म्या अंतरावर चौपट म्हणजे १ लक्स तरी मिळतो.

लुमेनचंही एक आहे, दुप्पट लुमेन डोळ्याला दुप्पट वाटत नाहीत, जरा जास्त वाटतात एवढंच. शिवाय छोटी टॉर्च फुल पॉवरवर लगेच तापते आणि स्वतःला वाचवायला उजेड उतरवते, त्यामुळे खोक्यावरचा मोठा आकडा हा पहिल्या काही मिनिटांचा पाहुणा. आणि एका पेन्सिल सेलवर १०,००० लुमेन वगैरे लिहिलं असेल तर हसून सोडून द्या, पांढऱ्या एलईडीतून एका वॉटला १०० ते १५० लुमेन निघतात असं धरलं तरी ७०-१०० वॉट लागतील, त्या सेलच्या बापाला जमणार नाही.

दोन्हीतला फरक एकाच टॉर्चमध्ये बघायचा असेल तर झूमवाली घ्या. डोकं पुढे ओढून झोत बारीक केला की भिंतीवर एलईडीचा चौकोन दिसायला लागतो, अगदी लख्ख. सगळ्यांना वाटतं उजेड वाढला. खरं तर बराचसा उजेड आता टॉर्चच्या आतल्या भिंतींवरच आपटून मरतोय, म्हणजे लुमेन घटले आणि कँडेला वाढले!

घरी तुलना करायची तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलावर उभी करून पांढऱ्या छताकडे लावा आणि फोनमधलं लक्स मीटर ॲप एकाच जागी ठेवून आकडा बघा, मग दुसरी टॉर्च तिथेच ठेवून बघा. छतावरून उजेड सगळीकडे उधळतो त्यामुळे झोताचा फरक पुसला जातो आणि लुमेन कुणाचे जास्त ते कळतं. कँडेलासाठी फोनवर ५ मीटरवरून झोताचा मधला गोळा टाका, आलेल्या लक्सला २५ ने गुणा. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, त्यामुळे आकडा अचूक म्हणून घेऊ नका, कोण पुढे एवढंच त्यातून घ्या.

बाकी कुठे काय लागतं ते वापरल्यावर कळतंच. परवा लाईट गेली तेव्हा मी मोठ्या रुबाबात लाडकी १५०वाली घेऊन फ्यूज बघायला गेलो, हातभर अंतरावर तो कडक गोळा पांढऱ्या बोर्डावर आपटून डोळ्यात आला आणि बाजूचं काहीच दिसेना. शेवटी मुकाट परत येऊन ३००वाली नेली.