मुक्ती मिशन, केडगाव

पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी स्थापन केलेली, निराधार स्त्रिया आणि मुले यांना कायमचा आसरा देणारी ख्रिस्ती संस्था. हे केडगाव पुण्याच्या पूर्वेला, दौंड तालुक्यात आहे. नगर शहरालगतचे केडगाव वेगळे.

ख्रिस्ती दानधर्म म्हटला की नाताळातले कपडेवाटप किंवा दुष्काळातली अन्नछत्रे चटकन आठवतात. दुष्काळ सरला, छत्र बंद झाले, तर जिला परत जायला घरच नाही तिने कुठे जायचे, या प्रश्नातून मुक्ती उभी राहिली. तिचे खरे मोल इथे आहे.

रमाबाईंनी हे बेघरपण स्वतः भोगले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई लक्ष्मीबाई आणि मग थोरली बहीण, अशी माणसे पाठोपाठ गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी होती आणि पांघरायला काही नव्हते. दोघांनी वाळूत माणूस मावेल एवढे खड्डे केले, त्यांत निजून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. ही हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पुढे हजारो पोरक्या मुलींना जवळ करणाऱ्या बाईला उपास आणि थंडी म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघाने, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या संघाने, लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवले होते. ज्या स्त्रियांची सावलीही लोक टाळतात त्यांना मायेने वागवलेले रमाबाईंनी तिथे पाहिले. यामागचे कारण विचारल्यावर त्यांना शुभवर्तमानातील येशू आणि लोकांनी तुच्छ लेखलेली शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. केडगावच्या ‘कृपा सदना’चे मूळ या अनुभवात आहे. फसवल्या गेलेल्या आणि वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रियांसाठी ते काढले होते.

मुंबईत चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी ‘शारदा सदन’ निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. रमाबाईंच्या कामासाठी अमेरिकेत निघालेल्या मंडळाने १० वर्षे खर्च उचलण्याचे कबूल केले होते. काही विधवा ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मुक्तीबद्दल बोलताना हा वाद बाजूला सारता येत नाही, कारण मदत आणि धर्मप्रसार यांची सांगड हा आक्षेप संस्थेवर पुढेही कायम राहिला. मात्र टीकाकारांपैकी फार थोड्यांनी त्या मुलींसाठी दुसरे दार उघडले, हेही नोंदवले पाहिजे.

अमेरिकेची मदत संपेल तेव्हा संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी आश्रयगृहांत एकट्या मुलींना भुकेइतकाच माणसांचाही धोका होता, हे पाहून त्या हादरल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू होते, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा बागेसाठी घेतलेले रान कामी आले. तंबू आणि झोपड्यांतून ‘मुक्ती सदन’ सुरू झाले. पाठोपाठ गुजरातचा दुष्काळ आला आणि १९०० च्या सुमारास तिथे राहणाऱ्यांची संख्या १,५०० वर गेली.

एवढ्या माणसांचे रोजचे पोट भरणे हे एकदाच्या दानाचे काम नव्हते. पहाटेपासून दळण, पाणी, गुरे, शेत यांचे राबते चक्र चाले. शिकण्याबरोबर प्रत्येकीच्या हाती काहीतरी काम असे: विणकाम, शिवण, तेलघाणा, धुलाई, दूधदुभते, छापखाना. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि अंध मुलींना त्यांनी वाचायला शिकवले. बोटांनी चाचपत अक्षर लावणारी मुलगी पुढे दुसरीला शिकवी. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठीही वेगळी सोय होती.

‘परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वाक्य. त्यातला ‘घर’ हा शब्द इथे अक्षरशः घेतला गेला. घरातले रोजचे साधे वागणेही उघड्यावरून आलेल्या मुलीला ठाऊक नसते: अंथरूण कुठे घालायचे, ताट कुठे ठेवायचे, उद्याही जेवण मिळणार हे कसे मानायचे. भुकेने गांजलेल्या कित्येक मुली आल्यावरही दगावल्या. वाचलेल्यांपैकी अनेकींची लग्ने झाली, काही शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, काही आयुष्यभर तिथेच राहून नव्याने येणाऱ्यांना सांभाळत राहिल्या.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम याच घरासाठी होते. पंडिती मराठी आपल्या बायकांच्या कानावरून निघून जाते हे रोज दिसत असल्याने त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याच्या छपाईचे खिळे मुक्तीतल्याच स्त्रियांनी जुळवले. मनोरमाबाई १९२१ मध्ये आईच्या आधीच गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.