चरणाऱ्या जनावरांची खनिज पुरवणी आणि सेलेनियमचा रखडलेला परवाना

गुरांपुढे मीठ ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. मिठाखेरीज आणखी काही द्यावे लागते, हे मात्र विसाव्या शतकातच नीट कळले. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुरणांवर गायी मेलेल्या जनावरांची हाडे चघळत आणि मग लुळ्या पडून मरत. १९२० च्या आसपास त्याचा उलगडा झाला. गवतात स्फुरद कमी असल्याने त्यांना हाडांची ओढ लागे आणि कुजक्या हाडांतले बोटुलिझमचे विष त्यांचा जीव घेई. न्यूझीलंडमध्ये खंगत चाललेली जनावरे लोहखनिज चारल्यावर सुधारत, म्हणून बरीच वर्षे दोष लोहाच्या कमतरतेवर ढकलला गेला. खरा गुण त्या खनिजात अल्प प्रमाणात असलेल्या कोबाल्टचा होता. हे १९३५ च्या सुमारास सिद्ध झाले, पण कोबाल्ट नेमका कशाला लागतो, ते १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढल्यानंतरच समजले.

सेलेनियम या मूलद्रव्याची कथा वेगळी, कारण त्याची पहिली ओळखच विष म्हणून झाली. अमेरिकेच्या काही मैदानी भागांत सेलेनियम साठवणाऱ्या वनस्पती खाऊन गुरांचे केस गळत, खूर सुटत. त्यातच १९४३ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगातून यकृतात गाठी झाल्याचा निष्कर्ष निघाला. १९५७ मध्ये हेच मूलद्रव्य शरीराला आवश्यक असल्याचे आढळले आणि लगेच पुढे कोकरे व वासरांच्या पांढऱ्या स्नायूंच्या रोगाशी त्याच्या अभावाचा संबंध जुळला. या रोगात कोकरू ताठ पायांनी चालते, उठायला धडपडते. हृदयाचा स्नायू रोगाच्या तावडीत सापडला तर उभ्या उभ्या कोसळते.

आणि नेमका १९५८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की कर्करोग घडवणारा कोणताही पदार्थ अन्नात वा खाद्यात मिसळायचा नाही. उंदरांचा तो जुना प्रयोग आड आला. गंमत अशी, की रोगावर सेलेनियम टोचायची औषधे मान्य होती. रोग होऊ नये म्हणून तेच खाद्यात घालणे मात्र बेकायदा! कोंबड्या व डुकरांसाठी परवानगी आली १९७४ मध्ये. मेंढ्यांना १९७८, गुरांना १९७९ उजाडले. म्हणजे पांढऱ्या स्नायूंचा रोग ज्यांच्यात सर्वाधिक दिसे, त्यांचा नंबर शेवटी.

या उशिराला एक खरी अडचणही होती, ती नाकारता येत नाही. गोठ्यातल्या जनावराचे खाद्य तोलून देता येते. रानात चरणारे जनावर मीठ-खनिजांचे मिश्रण किती चाटेल, ते कोण ठरवणार? मिठाची चव त्याला ओढते, सेलेनियमची गरज नव्हे. म्हणून १९८७ मध्ये या परवानगीच्या नियमात झालेल्या सुधारणेत दोन बाजूंनी कुंपण घातले गेले. मेंढ्यांच्या मिश्रणात किलोला ९० मिलिग्रॅम सेलेनियम, पण दिवसाला मेंढीमागे ०.७ मिलिग्रॅमच, गुरांसाठी १२० आणि ३ मिलिग्रॅम. हिशेब केला तर मेंढीने रोज जेमतेम ८ ग्रॅम आणि गायीने २५ ग्रॅम चाटावे, अशी ही अपेक्षा. मीठ कमी-जास्त करून चाटण आवरता येते, पण कळपातली दांडगी जनावरे पुढे घुसतात आणि बुजरी मागेच राहतात.

१९९३ मध्ये पर्यावरणाचे कारण देऊन ती सुधारणा स्थगित झाली. त्याच्या दहाएक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका जलाशयात पक्ष्यांची पिल्ले व्यंग घेऊन जन्मत होती आणि सेलेनियमचे नाव बदनाम झाले होते. ते सेलेनियम शेतीच्या निचऱ्याच्या पाण्यातून आले होते, गुरांच्या चाटणातून नव्हे. पुढच्याच वर्षी कायदेमंडळाने स्थगितीची अंमलबजावणी रोखली.

फिनलंडने याच काळात दुसरीच वाट धरली. १९८४ पासून तिथे सेलेनियम थेट खतात मिसळले गेले, त्यामुळे ते चाऱ्यातून जनावरांना आणि पुढे माणसांनाही मिळू लागले. इतरत्र बोलसचा वापर वाढला. ही जड गोळी जनावराच्या जाळीपोट नावाच्या पोटाच्या कप्प्यात बसते आणि महिनोन्‌महिने हळूहळू विरघळते. दांडग्या-बुजऱ्यांचा प्रश्न तिने बराच सोडवला.

अलीकडे वाद तांब्याकडे सरकला आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये रवंथ करणाऱ्या गुरांच्या खाद्यातली तांब्याची कमाल मर्यादा किलोला ३५ वरून ३० मिलिग्रॅमवर आणली. मेंढ्यांची १५ आहे. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि एखाद्या ताणाच्या वेळी एकदम रक्तात सुटते. गायींच्या मिश्रणाची पिशवी मेंढ्यांपुढे रिकामी केली, की कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. मग लघवी लालसर काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि तोवर उपचाराची वेळ बहुधा टळलेली असते.