ड्राइव्ह दिसत नाही, की ड्राइव्हला दिसत नाही?

"अरे सीडी चालत नाहीये, ड्राइव्ह गेला बहुतेक" असे फोन नातेवाइकांकडून मला अजूनही येतात, लग्नामुंजीच्या डीव्हीड्या घरोघरी कपाटात पडल्यात ना, आणि फोन आला की मी आधी एवढंच विचारतो की माय कॉम्प्युटरमध्ये (नव्या विंडोजमध्ये धिस पीसी) ड्राइव्हचं चित्र आहे का गायब आहे. कारण "दिसत नाही" म्हणताना लोक दोन पार वेगळी दुखणी एकाच माळेत ओवतात. एकात कॉम्प्युटरलाच ड्राइव्ह दिसत नसतो. दुसऱ्यात कॉम्प्युटरला ड्राइव्ह छान दिसतोय, पण ड्राइव्हला पोटातली डिस्क दिसत नाहीये. पहिल्यात लेन्स पुसून काही होणार नाही आणि दुसऱ्यात ड्रायव्हर (विंडोजला ड्राइव्ह चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) पन्नास वेळा टाका, ढिम्म हलणार नाही.

आधी पहिलं. चित्र गायब, पण ट्रे उघडतोय, लाइट लागतोय, म्हणून माणूस म्हणतो ड्राइव्ह तर चालू आहे. इथेच फसायला होतं. ट्रेला फक्त करंट लागतो, आणि साटावाल्या (ड्राइव्ह जोडायची एक पद्धत) ड्राइव्हला करंटची वायर वेगळी (रुंद, १५ पिनांची) आणि डेटाची वेगळी (छोटी, ७ पिनांची). डेटाची निसटली तरी ट्रे मजेत आतबाहेर करतो. त्यामुळे मशीन सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं स्वतःचं सेटिंगचं पान) जाऊन बघायचं, तिथे ड्राइव्हचं नाव नसेल तर मशीन बंद करून कॅबिनेट उघडा, केबल काढून परत लावा, दुसरी लावून बघा, तरीही नाही तर ड्राइव्हचा बोर्ड गेला असं धरून चाला.

बायोसमध्ये नाव आहे आणि विंडोजमध्ये नाही? मग ड्राइव्ह फेकू नका!! डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसला तर बऱ्याचदा भानगड अशी असते की कधीकाळी टाकलेल्या सीडी रायटिंगच्या सॉफ्टवेअरने विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये आपला एक फिल्टर (मध्ये बसणारा छोटा प्रोग्राम) घुसवलेला असतो, सॉफ्टवेअर काढलं, फाइल गेली, पण रजिस्ट्रीत (विंडोजची सगळ्या सेटिंग्जची वही) नाव तसंच राहिलं, आणि विंडोज त्या मेलेल्या फिल्टरची वाट बघत ड्राइव्हच लोड करत नाही. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं जायचं आणि ४डी३६ई९६५ ने सुरू होणारा फोल्डर शोधायचा. आधी त्याचं एक्स्पोर्ट करून ठेवा, मग त्यातले अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स उडवा आणि रीस्टार्ट. रायटिंगचं एखादं सॉफ्टवेअर रुसलं तर ते परत इन्स्टॉल करावं लागतं, एवढंच.

पण नीट बघून हां! ४डी३६ई९६७ हा हार्डडिस्कचा फोल्डर आहे, त्यातले फिल्टर उडवले तर विंडोज चालूच व्हायचं नाही. माझी सांगलीची मावशी हे फोनवर वाचून दाखवत होती, मी विचारलं "मावशी, शेवटी पाच आहे का सात?" तर म्हणे "थांब, चष्मा आणते." माझा जीव टांगणीला. शेवटी तिला उजवीकडे क्लास शब्दासमोर काय लिहिलंय ते वाचायला लावलं, सीडीरॉम म्हणाली तेव्हा कुठे पुढे गेलो.

आता दुसरं दुखणं. चित्र आहे, डिस्क टाकली की खर्रखर्र होतं, फिरते, थांबते, आणि वर मेसेज येतो की डिस्क टाका. डिस्क टाकलीच आहे की बाबा! इथे एकाच डिस्कवरून निकाल लावू नका, कंपनीची सीडी, कंपनीची डीव्हीडी आणि एखादी घरी बर्न केलेली, अशा तीन टाकून बघा. सीडी वाचतो आणि डीव्हीडी नाही (किंवा उलटं) असं झालं तर कारण साधं आहे, सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल, एक मेला तरी दुसरा काम करत राहतो. शिवाय सीडीच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं, डीव्हीडीच्या ०.७४, त्यामुळे लेन्सवर धूळ बसली की डीव्हीडी आधी रडते. आणि आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) डिस्क मुळातच कमी उजेड परतवते, म्हणून थकलेला लेसर तिथे आधी हात टेकतो.

लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते. मशीन बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन खुपसा, ट्रे सुटतो, मग इअरबडला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अगदी हलक्या हाताने पुसा, दाबायचं नाही, लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते.

आणि काही जणांचा ड्राइव्ह ठणठणीत असतो, सिनेमा ज्यात असतो तो व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डरसुद्धा दिसतो, फक्त सिनेमा लागत नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी लावायची सोय मीडिया प्लेअरमधून गेलीय. व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, विषय संपला.

तर मावशी. फिल्टर उडवले, रीस्टार्ट केलं, चित्र आलं, ती खूश, लग्नाची डीव्हीडी टाकली आणि परत खर्रखर्र. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच घरात. दुसरी डीव्हीडी टाकायला लावली, ती फटकन लागली, म्हणजे ड्राइव्ह बरा, डिस्कच मळलेली. विचारलं पुसलीस का, तर म्हणे "हो, पदराने, चांगली गोल गोल." डिस्कवरचा ट्रॅक गोलच जातो, त्यामुळे गोल ओरखडा एकाच जागचा डेटा सलग खातो, मधून कडेकडे जाणाऱ्या आडव्याला ड्राइव्ह सांभाळून घेतो. मग मऊ ओल्या फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायला लावलं. लागली एकदाची, मंगलाष्टकांपाशी चित्र दोनदा अडकलं, पण कॉपी पूर्ण झाली.