मोठ्यांचं नाटक कापलं की पोरांचं होत नाही

गॅदरिंग जवळ आलं की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांमधे हमखास ऐकू येतं, मोठ्यांचं संगीत नाटक कापून अर्ध्या तासाचं करा, सातवी-आठवीच्या पोरांना चालतं. नाही चालत हो. कापून वेळ तेवढा कमी होतो, विषय अन् गाण्यांची पट्टी, म्हणजे सूर किती उंच ते, तीच राहते. १८८२ चं संगीत सौभद्र घ्या, सुभद्रेच्या लग्नाचा पेच, अर्जुनाचा विरह, तेरा वर्षांची पोरगी ते नुसतं पाठ करून म्हणते.

आणि आवाजाचं काय? याच वयात मुलांचा आवाज फुटतो, जूनमधे काळी चारमधे, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, सहज गाणारा मुलगा डिसेंबरात वरच्या सा ला चिरकतो अन् सगळ्यांसमोर पार कानकोंडा होतो, म्हणून शेवटच्या महिन्यात पट्टी परत तपासा, खाली आणा, सोलो कमी करून कोरस वाढवा.

विषय त्यांच्या वयाचा निवडा, मैत्री, भांडण, घर. आपल्याकडे तर आसोद्याच्या बहिणाबाई आहेत, घरोट म्हणजे जातं, शेत, सुगरणीचा खोपा, चार-पाच कविता एका गोष्टीत ओवल्या की नाटक उभं राहतं, आणि बोली घरचीच असल्याने शब्द समजावत बसावं लागत नाही.